टेकडीची कुरकूर

३ फेब्रुवारी, सोमवार

पाणी हवं — चल! पाणी नको — चल! उशी सरकव, खिडकी लाव, कामाच्या मावशींना सांग जरा हळू बोला — सगळ्याला एकच. चल. झटक्यानं दादाची उजवी बाजू नेली, आणि जाताना सगळे शब्दही नेले. हा एक तेवढा दारात पडून राहिला.

वाचाताई आज येऊन गेल्या. (वाचा-उपचार करतात, म्हणून या पानापुरत्या वाचाताई. मला मुलगी असती तर तिच्याएवढ्या असतील.) म्हणाल्या, "असं होतं कधीकधी. जिभेला ज्याची सवय जास्त, तो शब्द उरतो." सवय असणारच! दादानं जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं. शेजारच्या सीटवर बसायचं आणि घाम फुटलेल्या माणसांना म्हणायचं — चल, क्लच सोड, चल, काही होत नाही.

पण तो शब्द त्याच्याही आधीचा आहे. मला माहीत आहे. त्यांना बोलले नाही. दिवसभर वीज कंपनीच्या तक्रारींचे फोन घेऊन आल्यावर घरी तोंड उघडवत नाही. तिकडे कान किटेपर्यंत शब्द, इकडे एकच. सरासरी चांगली पडत असेल.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज सांगितलं वाचाताईंना, सिनेमाचं.

लहानपणी आमच्याकडे एक कॅसेट होती. बंद पडलेल्या व्हिडिओ लायब्ररीतून दादानं आणलेली. त्यात एक घंटावाला असतो. त्याच्या राजानं समुद्राची घंटा चोरून मनोऱ्यात टांगलेली असते, आणि समुद्र चिडून दर वर्षी एक गाव गिळत असतो. शेवटी घंटावालाच घंटा काढतो आणि परत करायला निघतो. घंटा जड, वाट लांब. एका टेकडीवर बसून तो रडतो, आणि रडून झाल्यावर आपलं उगीच, स्वतःलाच धीर द्यायला म्हणतो — चल! आणि टेकडी उठते! झाडं, दगड, घरटी, सगळ्यासकट उठून उभी राहते आणि त्याला पाठीवर घेऊन चालायला लागते. त्या जागी आमच्या कॅसेटवर पांढऱ्या रेघा यायच्या, इतक्यांदा आम्ही ती मागे नेऊन पाहिली.

दादा टेकडी व्हायचा. मी घंटावाला. घंटा म्हणजे आईचं पातेलं. त्याच्या पाठीवर बसून मी ओरडायचे, चल! आणि तो मला घेऊन सगळ्या खोल्यांतून फिरायचा, जिना उतरायचा, परत चढायचा. दादाचं शेपूट म्हणायचे मला सगळे. कधी म्हणाला नाही की बास, उतर आता. मोठेपणीही नाही. लग्न मोडून मी बॅग घेऊन दारात आले तेव्हा एक अक्षर न विचारता त्यानं बॅग घेतली हातातून. सिनेमातली टेकडी पण काही म्हणत नाही. बोलतच नाही ती. नुसती चालते, मागे संगीत. आणि शेवटी त्याला घेऊन समुद्रात शिरते. तो प्रसंग आठवला तरी अजून अंगावर काटा येतो.

वाचाताई म्हणाल्या, "मग तेच घ्या की!" मी म्हटलं, फोनवर लावून दिला होता, गप्प बघत बसतो. "तेच ना. सिनेमा बघताना माणूस गप्पच बसतो. त्याचं पुस्तक आहे, फार जुनं, नावाजलेलं. ते वाचून दाखवा. वाक्याचा शेवटचा शब्द सोडायचा. तो त्यांना भरू दे."

पुस्तक आहे? आम्हाला दोघांनाही पत्ता नव्हता. इतकी वर्षं!

८ फेब्रुवारी, शनिवार

मिळालं पुस्तक. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर कात्री बसते. फोन कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, म्हणून कात्री. तिच्या मुलीच्या कपाटात होतं. "ने बाई ने. आमच्याकडे कुणी पंधरा पानांपुढे गेलेलं नाही."

पुस्तक कसलं, वीट आहे! बारीक टाइप, जुन्या वळणाचं भाषांतर, पिवळी पानं. पण मुखपृष्ठावर टेकडी आहे, पायांसकट. दादानं डाव्या हातानं ते ओढून घेतलं आणि चित्राकडे बघत राहिला. चल, म्हणाला. अगदी हळू. मला भरून आलं. तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेलं, मग ते राहिलं.

९ फेब्रुवारी, रविवार

वाचन सुरू. भयंकर आहे! राजाच्या पणजोबांपासून सुरुवात. मग घंटा कुठल्या धातूची, ती कुणी ओतली, ओतणाऱ्यांची आपसात भांडणं काय होती. टेकडीचा मागमूस नाही. सिनेमात ती पहिल्या दहा मिनिटांत उठते!

शब्द सोडायचा प्रकार असा चालला आहे —

"राजाने मुकुट डोक्यावर…"

"चल."

"कारागिरांनी भट्टी…"

"चल."

"आणि राणी माहेरी निघून…"

"चल!"

हे मात्र जवळजवळ बसलं. दोघंही हसलो. हसताना त्याच्या तोंडाची डावी बाजूच हसते. पण हसते.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

वाचाताईंनी आज एका केंद्राचं काढलं. लांब आहे, रात्रभराचा प्रवास. तिथे राहायचं, सहा महिने. दिवसभर व्यायाम, बोलणं, लिहिणं, सगळं करून घेतात. नातेवाइकांनी तिथे राहायचं नाही, महिन्यातून एकदा भेटायचं. "मी इथे आठवड्यातून दोनदा येऊन कुठवर पुरणार? आत्ता नाही गेले तर पुढे कठीण होत जाईल." एक खाट मोकळी होते आहे. सात मार्चला दुपारी बारापर्यंत कळवायचं.

अट एकच. माणसाची स्वतःची तयारी हवी. ढकलून आणलेली माणसं तिथे भिंतीकडे तोंड करून बसतात, म्हणे, आणि मग केंद्रवाले परत पाठवतात.

स्वतःची तयारी! ती कशी ओळखायची? वाचाताईंनी आज अक्षरांची कार्डं पुढे ठेवली, ती त्यानं पुन्हा जमिनीवर उडवून दिली. वाचता येतंय की नाही, कळायला मार्ग नाही. त्या गेल्यावर मी विचारलं, "दादा, केंद्रात जायचं?"

"चल."

मला आनंदाची उकळी फुटली. मग म्हटलं थांब, आणि विचारलं, "दादा, विहिरीत उडी मारायची?"

"चल."

झालं. याला होकार म्हणायचं असेल तर विहिरीत पण उडी मारावी लागेल.

खरं लिहिते. सहा महिने म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दादा आला नाही. झोप आली. सलग, कुणी हाक न मारणारी झोप. स्वतःची इतकी चीड आली की भांडी घासायला घेतली, घासलेलीच.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कंबर गेली. बाकी काही नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

टेकडी बोलते!!

पुस्तकातली टेकडी बोलते, आणि काय बोलते! घंटावाला बसतो, रडतो, चल म्हणतो, सगळं सिनेमासारखं. मी आवाज लावून, थांबत थांबत वाचत होते. दादाचे डोळे माझ्या तोंडाकडे. आणि उठायच्या ऐवजी टेकडी म्हणते, "चल म्हणायला तुझ्या जिभेला काय लागते? उठायचे मला आहे."

मी थांबलेच. पुन्हा वाचलं.

मग उठते ती, पण पानोपानी कुरकूर. पाय दुखतात. गुडघ्यात ओढा शिरला आहे. डाव्या खांद्यावर पोपटांनी वसाहत केली आहे आणि त्यांची तोंडं मिटत नाहीत. घंटावाल्याने कूस बदलली तरी हिला कळते. घंटा कशाला हवी होती, एखादी टाळी वाजवली असती तर समुद्राला चालले नसते का! "शंभर वर्षे बसले होते ते आळसाने नव्हे," म्हणते, "बसणे हेच माझे काम आहे. टेकते ती टेकडी. चालते ती नुसती धूळ."

टेकते ती टेकडी! मूळ भाषेत इथे काय असेल देव जाणे. भाषांतर करणाऱ्याला हे सुचलं तेव्हा तो एकटाच हसला असणार. मला तर आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. सिनेमावाल्यांनी बाईचं तोंडच बंद करून टाकलं होतं! टाचा फुटल्या आहेत, पाठीवर माणूस, माणसाच्या मांडीवर घंटा, आणि मागे म्हणे व्हायोलिन!

दादा हसला नाही. माझ्याकडे बघत होता. मी कमरेला पट्टा बांधला होता, त्याकडे असेल.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मावशींशी वाजलं.

पुस्तकात मी खुणेला बसचं तिकीट ठेवते. काल होतं त्याच्यापेक्षा आज कितीतरी पानं पुढे. म्हटलं, "मावशी, पुसायला पुस्तक उचललं तर खूण जागेवर ठेवत जा हो." मावशींचा पारा चढला. "मी कशाला पुसू तुमचा ग्रंथ? भाऊ हात करून मागतात, म्हणून मांडीवर देते. दिवसभर घेऊन बसतात. जड आहे, बरं वाटत असेल मांडीला." मी म्हटलं, चित्र बघतो तो मुखपृष्ठावरचं. "बघू देत की मग! तिकीट पडलं असेल, मी खोचलं असेल कुठेतरी. तिकिटासाठी माणसाला बोलायचं का?"

चहा न घेता गेल्या. मावशी गेल्या तर माझी नोकरी गेली. सोमवारी त्यांच्या आवडीची बिस्किटं आणायची आणि माफी मागायची. माझीच चूक, जीभ आवरत नाही हल्ली. घरात एकाला बोलता येत नाही आणि दुसरीला गप्प बसता येत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वारा होता, तारा तुटल्या. फोनवर फोन. एक आजोबा म्हणाले, "ताई, तुमच्याकडे आहे का लाइट?" म्हटलं, आहे. "मग जरा बोलत राहा, अंधारात बरं नाही वाटत." बोलले. काय बोलले आठवत नाही. कात्री शेजारून बोटांची कात्री करून दाखवत होती — काप, काप!

डबा खाताना तिला केंद्राचं सांगितलं. "त्यात विचारायचं काय? बोलता येत नाही ना त्याला? नेऊन ठेव."

"पोतं आहे का तो?"

"तू आहेस का हमाल? आरशात बघितलंस का स्वतःला कधी?"

कात्रीला काही बोलून उपयोग नसतो. आणि आरसा मी खरंच बघत नाही.

पुस्तक आता आवडायला लागलं आहे. दुरून डोंगर साजरे म्हणतात, तो सिनेमा. पुस्तक म्हणजे डोंगर जवळून. खाचखळगे, काटे, विंचू. सिनेमा अजून आवडतो, पण आता आठवताना वाटतं, त्यात कुणाला कधी भूकच लागली नाही.

आज वाचलं त्यात टेकडीचे दगड निखळायला लागलेत. पाऊल टाकलं की एक मागे राहतो. आधी खडे, मग धोंडे. घंटावाला पाठीवर झोपलेला, त्याला कळतच नाही. आणि नेमकी इथे ती कुरकुरायची थांबते. ही बाई गप्प झाली की मला भीती वाटते.

"आणि मागे वाटेवर उरले फक्त…" मी शब्द सोडला.

दादानं आधी पुस्तकाकडे बघितलं. मग, "चल." नाइलाजानं म्हटल्यासारखं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

राहवलं नाही. पुस्तक ऑफिसात नेलं आणि जेवायच्या सुट्टीत शेवट वाचून काढला. नसता वाचला तर बरं झालं असतं.

समुद्र समोर दिसतो, रेघेसारखा. आणि घंटावाला मागे वळून बघतो. वाटभर दगड, माती, एक आख्खा खांदा पोपटांच्या झाडांसकट मागे पडलेला. टेकडी होती त्याच्या अर्धी उरली आहे. समुद्रापर्यंत पोचली तर पोचेल, पण टेकडी म्हणून नाही. ती स्वतः थांबत नाही. कुणीतरी एकदा चल म्हटलं आहे ना!

मग तो आपण होऊन उतरतो. घंटा खाली ओढतो. तिच्या गुडघ्याला हात लावतो.

"टेक," तो म्हणाला.

"किती वेळ लावलास रे," टेकडी म्हणाली, आणि बसली.

बस. पुढे तो एकटा जातो. घंटा ओढत, पडत, उठत. तो पोचला का, ते लेखक दाखवत नाही. शेवटच्या ओळीत एवढंच, की फार दिवसांनी टेकडीला दूरवर, पाण्याखालून, घंटा ऐकू आली.

पुस्तक भिरकावून द्यावंसं वाटलं. समुद्रात शिरत नाही ती! आमच्या कॅसेटवरचा सगळ्यात सुंदर प्रसंग मुळात नाहीच! आणि सगळ्यात राग याचा आला, की तिला बसायचं होतं तरी तिला बसता येत नव्हतं. वर बसलेल्यानंच म्हणायला हवं होतं. त्याला म्हणता येत होतं, म्हणून बरं. ज्याला म्हणताच येत नाही त्याच्या टेकडीनं काय करायचं?

कात्री म्हणाली, "फोन वाजतोय तुझा." वाजत होता.

२ मार्च, रविवार

शेवट आला. नाही वाचवला.

घंटावाला उतरतो ते पान उघडं होतं पुढ्यात. दादा ऐकायला तयार होऊन बसलेला, उशा नीट लावलेल्या. त्याच्या तोंडावर मी काय वाचू? की उतर आता, पुढे एकटा जा, पडत-उठत? त्याला वाटेल मीच सांगते आहे. आणि मी सांगत नसते असंही नाही.

म्हणून पुस्तकाकडे बघत मी सिनेमा सांगितला. पाठ आहे मला तो. टेकडी चालली, चालली, समुद्राची लाट आली, तिच्या पायाला लागली, घंटावाला घंटेला कवटाळून बसला. भाषा सुद्धा पुस्तकासारखी केली, केले-गेले-आले. शेपटानंच शेपूट घातलं, दुसरं काय!

"आणि टेकडी त्याला घेऊन समुद्रात…" शब्द सोडला.

काही नाही.

"समुद्रात…"

बघत राहिला माझ्याकडे. चल नाही, काही नाही. पहिल्यांदाच असं झालं. मी म्हटलं, दमलास का? पुस्तक मिटून उशाशी ठेवलं आणि दिवा मालवला.

४ मार्च, मंगळवार

आज पडलो. दोघंही.

त्याला खुर्चीवरून पलंगावर घेत होते. रोजचंच. काखेत हात, माझा गुडघा त्याच्या गुडघ्याला, एक दोन तीन. तीनला माझ्या हातांनी ऐकलंच नाही. आधी तो सरकला, मग मी. लागलं नाही फार. त्याच्या कोपराला खरचटलं. फरशीवर बसलो होतो पलंगाला टेकून, आणि तो म्हणतोय — चल, चल, चल. माझा तोल गेला. किंचाळले. "कुठे चल? कुठे जायचंय तुला? मला उठता येत नाहीये, दिसत नाही का!"

तो डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटायला गेला, ते कानावर पडलं.

वरच्या मजल्यावरचे शिंपीकाका आवाज ऐकून आले. त्यांनी आणि त्यांच्या मुलानं मिळून त्याला उचललं. काका जाताना म्हणाले, "बाई, एकटीनं कशाला करता हे?" बोलायला काय जातंय.

५ मार्च, बुधवार

ठरलं. नाही पाठवायचं.

काल पाडलं त्याला, आणि परवा पाठवून देऊ? त्याला काय वाटेल? पाडली म्हणून अडगळ काढली, असंच ना? तो हो म्हणाला असता तर गोष्ट वेगळी होती. पण त्याचा हो आणि नाही एकच आहे, आणि त्यातला मला सोयीचा तेवढा मी घेणार नाही. ज्यानं मला जिने चढवले त्याच्या बाबतीत तर नाहीच नाही.

वाचाताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "परवा बारापर्यंत वेळ आहे. तोवर मी तिकडे काही कळवत नाही." किती गोड मुलगी आहे, आणि किती चिकट!

कंबर, पट्टा, गोळी. उद्या ऑफिसात सकाळची पाळी आहे.

६ मार्च, गुरुवार

आले तर मावशी दारातच. "भाऊ जेवले नाहीत. ते पुस्तक काढू देत नाहीत मांडीवरून."

दादा खुर्चीत. पुस्तक शेवटाशी उघडं, आणि खालच्या ओळींवर त्याचं डावं बोट.

म्हटलं, "काय रे, त्या पानावर चित्र नाहीये."

ओठ जुळवायला लागला. सुटायचे, पुन्हा जुळवायचा. घाम आला त्याला. आता चल म्हणेल, असं मला वाटलं.

"टे," म्हणाला. डोळे मिटले, उघडले. "टेक."

ते पान मी त्याला वाचून दाखवलेलं नाही. तिकीट मावशींनी हलवलेलं नाही.

पर्स खांद्याला तशीच होती. त्याच्यासमोर पलंगाच्या कडेवर बसले.

"किती वेळ लावलास रे," मी म्हटलं.

मग दोघंही रडलो, मावशींच्या देखत. पुष्कळ वेळानं विचारलं, "आणि तू?"

त्यानं डाव्या हातानं पुस्तक मिटलं.

"चल."